सरोवर सगळ्यांचं, बॉयलर आपला

मराठीतला एखादा जुना शब्द अडला की हल्ली मोल्सवर्थचा जाडजूड कोश कपाटातून काढावा लागत नाही. मोबाइलवर शोधलं की अर्थ समोर येतो. दात्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचंही तेच. ही दोन्ही पानं येतात ती शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयातून. म्हणजे मराठी लिहिणारी-वाचणारी कितीतरी माणसं शिकागोच्या हाइड पार्क नावाच्या वस्तीत एरवीही डोकावून येत असतात, फक्त पत्ता ठाऊक नसतो.

पत्ता सांगण्यासारखा आहे. विद्यापीठाचं रीगनस्टीन ग्रंथालय १९७० साली उघडलं, ते स्टॅग फील्ड या जुन्या मैदानाच्या जागेवर. याच मैदानाच्या प्रेक्षागॅलरीखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अणूची पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया घडवली. आता तिथे हेन्री मूरचं ब्राँझचं शिल्प आहे आणि शेजारच्या इमारतीत मराठी पुस्तकांच्या मांडण्या. ती पुस्तकं तिथे पोचली त्याचं एक टोक आपल्या रेशनच्या रांगेत आहे. पीएल-४८० कायद्याखाली अमेरिकेचा गहू भारतात आला, त्याचे पैसे रुपयांत जमा झाले, आणि त्यातल्या काही रुपयांतून १९६२पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकी ग्रंथालयांना पाठवली गेली. ज्या पिढीने तो गहू नावं ठेवत खाल्ला, तिच्याच काळातल्या कादंबऱ्या तिथे वातानुकूलित सुखात आहेत.

शिकागो परिसरातले बहुतेक मराठी लोक मात्र या वस्तीत राहत नाहीत. ते पश्चिमेच्या आणि वायव्येच्या उपनगरांत राहतात. तिथे गॅरेज असतं, शाळा चांगल्या असतात, किराणा जवळ असतो. हाइड पार्कमधून डेव्हन अॅव्हेन्यूच्या भारतीय दुकानांत जायचं तर शहराचं दुसरं टोक गाठावं लागतं. इथे घर घेतात ते विद्यापीठात किंवा त्याच्या रुग्णालयात नोकरी करणारे, आणि ज्यांना गाडीपेक्षा पायांवर जास्त भरवसा आहे असे. त्यांच्यासाठी पुढचं सगळं. कारण या वस्तीत गिऱ्हाईक मिशिगन सरोवर बघून भुलतं, पैसे मात्र शंभर वर्षांच्या विटा, वाफेचे नळ आणि शेजाऱ्यांच्या सह्या यांचे मोजतं.

वस्ती जन्मालाच आली ती जागेच्या धंद्यातून. पॉल कॉर्नेल नावाच्या वकिलाने १८५३मध्ये सरोवराकाठी ३०० एकर जमीन घेतली आणि त्यातली ६० एकर इलिनॉय सेंट्रल रेल्वेला देऊन टाकली. अट एकच, ५३व्या रस्त्यावर गाडी थांबली पाहिजे. १८५६मध्ये ती थांबायला लागली आणि प्लॉट विकले जाऊ लागले. मुंबईची उपनगरं ज्यांनी वाढताना पाहिली त्यांना हे गणित समजावून सांगायला नको. १८६१मध्ये हाइड पार्क ही स्वतंत्र टाउनशिप झाली, १८८९मध्ये शिकागोत विलीन झाली, १८९२मध्ये विद्यापीठाचे वर्ग भरले आणि १८९३मध्ये जॅक्सन पार्कात कोलंबसाच्या नावाचं जागतिक प्रदर्शन. त्या प्रदर्शनासाठी रेल्वेचे रूळ भराव घालून उचलले गेले. तो भराव आणि त्याखालचे बोगदे आजही वस्तीचे दोन भाग पाडतात. पूर्वेला सरोवराकडे तोंड करून उभ्या असलेल्या उंच इमारती, पश्चिमेला झाडांखालची घरं, तीन मजली-सहा बिऱ्हाडी इमारती आणि विद्यापीठ. टाउनशिप कधीच इतिहासजमा झाली, पण तिचं नाव मेलं नाही. काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, मालमत्ता करासाठी शहराचे आठ भाग पाडले आहेत, त्यातल्या एकाला अजून हाइड पार्कच म्हणतात, आणि तो आजच्या वस्तीच्या कितीतरी पट मोठा आहे. मैलोगणती दूर राहणाऱ्या माणसाच्याही करपत्रिकेवर हे नाव छापून येतं.

सरोवराबद्दल एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की असलेली बरी. इथे कुणाचाही खाजगी किनारा नाही. शिकागोचा बहुतेक काठ सार्वजनिक आहे आणि १९७३च्या अध्यादेशाने त्याला संरक्षण आहे. इमारत आणि पाणी यांच्यामध्ये उद्यान आणि भरधाव वाहनांचा लेक शोअर ड्राइव्ह. काठावर जायचं तर ५५व्या किंवा ५७व्या रस्त्याच्या टोकाचा भुयारी मार्ग. पलीकडे प्रोमॉन्टरी पॉइंट. आल्फ्रेड कॉल्डवेलने आखलेला, १९३७मध्ये खुला झालेला, चुनखडीच्या पायऱ्या पाण्यापर्यंत उतरवत नेणारा भूभाग. त्या पायऱ्या काढून काँक्रीट ओतायचा बेत होता. रहिवासी वीसेक वर्षं भांडले आणि २०२३मध्ये शहराने पॉइंटला वारसास्थळाचा दर्जा दिला. या पायऱ्यांवर बसायला पैसे लागत नाहीत, पंधराव्या मजल्यावरून त्या दिसाव्यात म्हणून मात्र भरपूर लागतात. शिवाय पूर्वेचा वारा. मे महिन्यात शहराच्या पश्चिमेला लोक सदऱ्यावर फिरत असतात तेव्हा काठाच्या पट्ट्यात दहा-पंधरा अंश फॅरेनहाइटने गार असतं. तोच वारा हिवाळ्यात पावसाचं आणि बर्फाचं पाणी पूर्वेच्या भिंतीत मारतो. दृश्य ज्या बाजूला, दुरुस्ती त्याच बाजूला.

आता घरांकडे. जुन्या घरांचा सगळ्यात देखणा नमुना म्हणजे ग्रेस्टोन. पुढची भिंत इंडियानातल्या करड्या चुनखडीची, बाजूच्या आणि मागच्या भिंती साध्या शिकागो विटेच्या. म्हणजे रस्त्याकडे शालू आणि परसात जुनेर. ही साधी वीट मऊ आणि पाणी पिणारी. तिच्या दर्जा, म्हणजे दोन विटांमधले सांधे, मुळात चुन्याच्या. चुना विटेपेक्षा मऊ, म्हणून भिंत थोडी हलली, थंडीने आकसली तर ताण दर्जा सोसतात, ओल दर्जांतूनच बाहेर पडते. पुढे कुणीतरी स्वस्तातला गवंडी बोलावतो आणि तो झिजलेल्या दर्जा कडक सिमेंटने भरतो. दिसायला काम छान. पण आता ओलीला बाहेर पडायला वीटच उरते. आत अडकलेलं पाणी गोठतं, गोठताना नऊ टक्के फुगतं, आणि विटेचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटून खाली पडतो. वीट एकदा फुटली की परत येत नाही. दर्जा मात्र पुन्हा भरता येतात. म्हणून मागच्या गल्लीत जाऊन भिंत बघायची. दर्जा विटेच्या पुढे आलेल्या, करड्या, काचेसारख्या कडक आणि भोवतीच्या विटा खोलगट झालेल्या असतील तर भिंतीचा दुखवटा सुरू झालाय. वरून पारदर्शक सीलर फासला असेल तर आणखी वाईट, कारण तो ओल आत कोंडतो.

खिडक्यांवरचे लिंटल हे दुसरं दुखणं. लोखंडी पट्टी विटांचा भार पेलत असते. ती गंजते आणि गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो. जागा करायची कुठून? भिंत उचलून. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढत गेलेली चीर दिसली, किंवा लिंटलच्या ओळीत दर्ज आडवी उघडलेली दिसली, तर ती नुसती भरून भागत नाही. वरच्या विटा काढायच्या, पट्टी बदलायची, पाणी बाहेर काढणारा पत्रा बसवायचा आणि मग पुन्हा बांधकाम. हे काम खिडकीमागे मोजलं जातं, आणि सहा बिऱ्हाडांच्या इमारतीला खिडक्या पुष्कळ असतात. ८० फूट किंवा त्याहून उंच इमारतींच्या बाह्य भिंतींची तज्ज्ञाकडून ठरावीक काळाने तपासणी शहराने सक्तीची केली आहे. फुटपाथवर डोक्यावर लोखंडी मांडव घातलेला दिसला तर समजावं, वरून काहीतरी पडायची भीती आहे आणि आत सभासदांच्या बैठकीत पैशांवरून वाद चालू आहे.

मागच्या बाजूचे करड्या रंगाचे लाकडी जिने आणि व्हरांडे हीही शिकागोची खासियत. २००३च्या जूनमध्ये लिंकन पार्क भागात असा एक व्हरांडा माणसांच्या भाराने कोसळला आणि १३ जण गेले. तेव्हापासून नियम कडक झाले. पाहायचं ते एवढंच, की तुळया भिंतीला आणि खांबांना कशा जोडल्यात. नुसते खिळे असतील तर नको. आरपार बोल्ट हवेत. खांबांचे पाय काँक्रीटच्या पायावर हवेत, मातीत पुरलेले नकोत.

आणि वाफ. भारतातून आलेल्या माणसाला हे प्रकरण सगळ्यात अनोळखी, म्हणून जरा थांबून. तळघरात गॅसवरचा बॉयलर, एके काळी तो कोळशावर चालत असे. पाण्याची वाफ होते, ती आपल्या दाबाने नळांतून वर चढते, खोलीतल्या ओतीव लोखंडाच्या रेडिएटरमध्ये शिरते, तिथे थंड होऊन पुन्हा पाणी होते. जुन्या इमारतींत बहुधा एकनळी पद्धत असते. ज्या नळाने वाफ वर जाते त्याच नळाने पाणी खाली येतं. म्हणून सगळा खेळ ढाळाचा. रेडिएटर नळाच्या बाजूला किंचित कललेला हवा. शंभर वर्षांत जमीन बसते, ढाळ उलटतो, तळाशी पाणी साचतं, आणि पहाटे वाफ त्या पाण्यावर आदळली की कुणीतरी तळघरातून घण मारत असल्यासारखे ठोके ऐकू येतात. घाबरण्यासारखं त्यात काही नसतं. पाणसळ ठेवून बघायचं आणि नळापासून लांबच्या दोन पायांखाली पातळ पाचरी सारायच्या. पुष्कळदा एवढ्यावर ठोके थांबतात.

दुसरा नियम, रेडिएटरचा कॉक एक तर पूर्ण उघडा नाही तर पूर्ण बंद. गरम होतंय म्हणून अर्धा फिरवला की वाफ आत येते पण पाणी परत जाऊ शकत नाही आणि कॉकपाशीच गळायला लागतं. खालच्या मजल्याच्या छतावर तपकिरी गोल डाग दिसला तर वरच्या बिऱ्हाडात कुणी तरी हे केलेलं असतं. उष्णता कमी करायची असेल तर बाजूचं छोटं एअर व्हेंट बदलून कमी वेगाचं बसवतात, किंवा त्या जागी थर्मोस्टॅटची झडप लावतात. व्हेंटने हवा सोडताना हिस्स करणं ठीक, पाणी थुंकणं ठीक नाही. अर्धा रेडिएटर गार असेल तर व्हेंट रंगाने बुजलं आहे का ते बघावं. घर विकायच्या आधी रंग देणारे लोक व्हेंटही रंगवून मोकळे होतात. वरचा मजला गार राहतो म्हणून दाब वाढवणारा देखभालवाला भेटला तर त्या इमारतीची गॅसची बिलं मागून बघावीत. अशा घरगुती वाफेला दर चौरस इंचाला दोन पौंडांहून कमी दाब पुरतो. त्यापुढे फक्त गॅस जळतो आणि व्हेंट निकामी होतात. तळघरातल्या नळांना पांढरं, प्लास्टरसारखं वेष्टण असेल तर ते बहुधा अॅस्बेस्टॉस. अखंड असेल तर हात लावायचा नाही. फाटलेलं असेल तर परवानाधारक माणसाकडून काढून घेण्याचा खर्च कुणाच्या माथी हे आधी ठरवायचं.

पाण्याच्या नळाबद्दल शिकागोची कथा थोडी लाजिरवाणी आहे. १९८६च्या केंद्रीय बंदीपर्यंत शहराचा नियमच होता की रस्त्यापासून लहान घरात येणारी जोडणी शिशाची हवी. त्यामुळे अशा सुमारे चार लाख जोडण्या शहरात आहेत, देशात सर्वाधिक. मोठ्या इमारतींच्या जाड नळांना ही अडचण सहसा नसते. स्वतंत्र घर, दोन किंवा तीन बिऱ्हाडांची इमारत असेल तर जोडणी शिशाची आहे असंच धरून चालावं. ३११वर फोन केला की शहर पाणी तपासायचा संच फुकट पाठवतं. लहान मूल असेल तर शिशासाठी प्रमाणित फिल्टर पहिल्या दिवशीच. १९७८पूर्वीच्या घरांत शिशाचा रंगही असतो, विशेषतः वर-खाली सरकणाऱ्या जुन्या खिडक्यांच्या घर्षणाच्या कडांना. त्या खिडक्या उघडमीट केल्या की भुकटी पडते.

इतकं सगळं पाहणार कोण? पैसे देऊन तपासनीस आणला तरी फ्लॅटच्या बाबतीत तो चार भिंतींच्या आत बघून अहवाल देतो. नळ चालतात, शेगडी पेटते, छान. पैसे खाणाऱ्या गोष्टी सगळ्या बाहेर असतात. बॉयलर, गच्ची, पॅरापेट म्हणजे गच्चीचा कठडा, मागचा जिना. ती सामायिक मालमत्ता, किल्ली भलत्याकडे. म्हणून तपासणीच्या दोन दिवस आधी विकणाऱ्याच्या एजंटला कळवून तळघर आणि गच्चीची परवानगी काढून ठेवायची आणि तपासनिसाला तसं स्पष्ट सांगायचं. स्वतंत्र घर असेल तर मोरीच्या मुख्य नळात कॅमेरा घालून बघणं आवश्यक. ते नळ भाजलेल्या मातीचे, आणि हाइड पार्कची सुंदर झाडं मुळं पसरायला जागा शोधत असतात.

इथले बहुतेक फ्लॅट कॉन्डोमिनियम पद्धतीचे आहेत. फ्लॅट आपल्या नावावर, बाकी इमारतीत टक्केवारीने हिस्सा. पण जुन्या इमारतींत को-ऑपही आहेत, आणि मुंबई-पुण्याच्या माणसाला ती पद्धत लगेच कळते. तिथे फ्लॅट विकत मिळत नाही. संस्थेचे शेअर मिळतात आणि त्यांच्याबरोबर राहण्याचा हक्क. फरक एवढा, की इथलं संचालक मंडळ मुलाखत घेतं, आर्थिक कागद मागतं आणि नकारही देऊ शकतं. किंमत शेजारच्या कॉन्डोपेक्षा कमी दिसते. त्याचं कारण कर्ज. शेअरवर कर्ज देणाऱ्या संस्था मोजक्या, आणि कित्येकदा इमारतीवर स्वतःचं मोठं कर्ज असतं, ज्याचा हप्ता मासिक आकारात मिसळलेला असतो. कर्ज किती, फिटणार कधी, आपल्या शेअरमागे किती, हे विचारल्याशिवाय स्वस्ताईवर विश्वास ठेवू नये.

भाषेतला एक खड्डा इथेच आहे. आपण ज्याला मेंटेनन्स म्हणतो त्याला शिकागोत ‘असेसमेंट’ म्हणतात. मोठ्या दुरुस्तीसाठी एकदाच काढलेली वर्गणी म्हणजे ‘स्पेशल असेसमेंट’. आणि काउंटीचा अधिकारी करासाठी घराचं मूल्य ठरवतो तेही असेसमेंटच. तीन वेगळे पैसे, एक शब्द. एजंट ‘असेसमेंट कमी आहेत’ म्हणाला तर कुठली ते विचारा. मासिक आकार कमी असणं ही बहुतेक वेळा चांगली बातमी नसते. वाफेची हीटिंग सामायिक असेल तर गॅस त्यातच येतो, म्हणून दोन इमारतींची तुलना करताना हीटिंग आत की बाहेर हे धरल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. आणि सहा बिऱ्हाडांच्या इमारतीत वर्षानुवर्षं कुणी आकार वाढवू दिला नाही म्हणून तो कमी असेल, तर वाढ झाली नाही असं नसतं, ती नव्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेली असते.

इलिनॉयच्या कॉन्डोमिनियम कायद्याचं कलम २२.१ इथे कामी येतं. जुना फ्लॅट घेणाऱ्याला मागता येतात ते कागद त्यात मोजून दिले आहेत. घोषणापत्र आणि उपविधी, थकबाकी, चालू आणि पुढच्या दोन आर्थिक वर्षांत अपेक्षित असलेले मोठे खर्च, राखीव निधी किती आणि कशासाठी, मागच्या वर्षाचा हिशेब, कोर्टातले दावे, विमा. वकील हे मागवतोच. कायद्यात नसलेली पण जास्त बोलकी गोष्ट आपण मागायची. गेल्या दोन-तीन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्तं. हिशेबात राखीव निधी ४० हजार डॉलर दिसतो आणि इतिवृत्तात तीन बैठका सलग गच्चीच्या गळतीवर गेलेल्या असतात. हे दोन कागद शेजारी ठेवले की खरं कळतं. अंदाजपत्रकातला किमान दहा टक्के भाग राखीव निधीत जातो का हे कर्ज देणारेही बघत आले आहेत. तसंच भाड्याने दिलेले फ्लॅट किती, हेही. विद्यापीठाजवळ हा आकडा फुगतो, कारण मुलगा शिकेपर्यंत फ्लॅट घेऊन ठेवणारे पालक आणि भाडं खाणारे गुंतवणूकदार दोघंही असतात. नुसते घरमालक जास्त आणि राहणारे कमी झाले की गच्चीच्या दुरुस्तीला हात वर होत नाहीत.

मालमत्ता करावर लोक सगळ्यात जास्त फसतात. काउंटी घराच्या बाजारमूल्याचा दहा टक्के भाग करपात्र धरते, त्याला राज्य ठरवेल त्या गुणकाने गुणते. अलीकडे हा गुणक तीनच्या आसपास असतो. तीन लाख डॉलरचं घर, दहा टक्के तीस हजार, गुणून नव्वद हजार. मालक स्वतः राहत असेल तर त्यातून दहा हजारांची सूट. उरलेल्या ऐंशी हजारांवर शहरातला एकत्रित दर, सुमारे सात टक्के. म्हणजे वर्षाला साडेपाच हजारांच्या वर. आता सापळा. विकणारी व्यक्ती सत्तरीतली, कमी उत्पन्नाची असेल तर तिला ज्येष्ठांची सूट आणि मूल्य गोठवण्याची सवलत, दोन्ही असतात. जाहिरातीत तिचं बिल छापलेलं असतं, हजार-बाराशे डॉलर. घर आपल्या नावावर झालं की सवलती जातात. त्यामुळे जाहिरातीतला कराचा आकडा वाचायचाच नाही. काउंटीच्या संकेतस्थळावर मालमत्तेचा क्रमांक टाकून सवलतींशिवायचं बिल आपणच मांडायचं.

शिवाय इथे कर मागल्या वर्षाचा भरतात. पहिला हप्ता वसंतात, गेल्या वर्षीच्या एकूण कराच्या ५५ टक्के. दुसरा उन्हाळ्यात येणं अपेक्षित, पण अलीकडे डिसेंबरपर्यंतही रेंगाळलेला आहे. म्हणून घर घेताना विकणाऱ्याने त्याच्या काळातल्या न आलेल्या कराचे पैसे आपल्याला द्यायचे असतात, बहुधा शेवटच्या बिलाच्या १०५ किंवा ११० टक्क्यांच्या हिशेबाने. सवलतीतल्या बिलाच्या ११० टक्के घेतले तर फरक आपल्या खिशातून जातो. वकिलाला हे एक वाक्य करारात घालायला सांगायचं, की हिशेब सवलती वगळून करावा. शहरातलं मूल्यांकन दर तीन वर्षांनी होतं, २०२४मध्ये झालं, पुढचं २०२७मध्ये. सूचना आली की ३० दिवसांत हरकत घेता येते. ती घ्यावी.

वकील हा शब्द वारंवार आला, कारण इलिनॉयमध्ये घराचा व्यवहार वकिलाशिवाय सहसा होत नाही. करारावर सह्या झाल्या की साधारण पाच कामाच्या दिवसांत दोन्ही वकील कलमं तपासतात, त्याच काळात तपासणी. या पाच दिवसांत माघार घेतली तर इसारा परत मिळतो. त्यानंतर अवघड. खरेदीच्या वेळी शहराचा हस्तांतर कर घेणाऱ्याच्या वाट्याला हजारामागे साडेसात डॉलर येतो, तीन लाखांवर २,२५०. बँकेच्या अंदाजपत्रकात तो असतो, पण बचतीचा हिशेब करताना लोक विसरतात. आई-वडिलांकडून भारतातून पैसे येणार असतील तर घाई उपयोगाची नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण अमेरिकी बँक गेल्या दोन महिन्यांचे खाते उतारे बघते आणि अचानक आलेल्या मोठ्या रकमेचा उगम विचारते. भेटपत्र, पाठवणाऱ्याचा उतारा, हस्तांतराची पावती हे तिन्ही आधी जमवून ठेवावं.

वारसा या शब्दाने बिचकायचं कारण नाही, पण पत्ता तपासून बघायला हवा. ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत इमारतीचं नाव असणं हा मान आहे. आपल्या पैशांनी आपल्या खिडक्या बदलायला ती आडवी येत नाही. शहराचा वारसा दर्जा वेगळा. तिथे बाहेरून दिसणाऱ्या बदलाची परवानगी शहराच्या वारसा आयोगाच्या नजरेखालून जाते. पण त्यात मिळकतही आहे. मान्य पद्धतीच्या नूतनीकरणावर दोन वर्षांत बाजारमूल्याच्या २५ टक्के खर्च केला आणि मालक स्वतः तिथे राहत असेल तर घराचं करमूल्य आठ वर्षं गोठतं आणि पुढच्या चार वर्षांत पायरीपायरीने वर जातं. अर्ज काम सुरू करण्याआधी केलेला बरा.

या सुबक रस्त्यांचा दुसरा इतिहासही घराच्या कागदांत असतो. कृष्णवर्णीयांना घर विकणार नाही, भाड्यानेही देणार नाही, अशी कलमं शिकागोच्या दक्षिण भागातल्या खरेदीखतांत होती आणि विद्यापीठाचा त्यांना पाठिंबा होता. १९४८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती न्यायालयामार्फत अंमलात आणता येणार नाहीत असं ठरवलं. मग पन्नास-साठच्या दशकांत ‘नूतनीकरणा’च्या नावाने जुन्या चाळी आणि दुकानं पाडली गेली. ५५व्या रस्त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या, वास्तुकार आय. एम. पेईच्या दोन इमारती त्याच काळातल्या. दोन्ही बाजूंनी धूर सोडत गाड्या जातात म्हणून लोक त्यांना ‘मोनॉक्साइड आयलंड’ म्हणतात. आत राहणारेही म्हणतात.

घर बघायला लोक एप्रिल-मेमध्ये येतात. विद्यापीठाचं वर्ष सप्टेंबरअखेरीस सुरू होतं, नवे प्राध्यापक त्याआधी घर शोधतात, ट्यूलिप फुललेले असतात, भाव चढलेले असतात आणि बॉयलर बंद असतो. जमत असेल तर फेब्रुवारीत यावं. विकायला घरं थोडी असतात, पण लपवायलाही थोडं असतं. रेडिएटर बोलत असतात. जानेवारी-फेब्रुवारीत वरच्या मजल्याच्या खिडक्या उघड्या दिसल्या तर इमारत तापतेय जास्त आणि पैसे बाहेर चाललेत. खिडकीच्या कडेला एक टिश्यू पेपर धरायचा, पूर्वेच्या खिडकीला तो थरथरतो की नाही बघायचं. पॅरापेटखाली पांढरे खारट ओघळ आहेत का ते रस्त्याच्या पलीकडून पाहायचं. गाडी लावायला बर्फ खोदून केलेल्या जागेत मोडकी खुर्ची ठेवलेली दिसली तर ती हलवायची नाही. तो इथला अलिखित कायदा आहे.

मग बोगद्याखालून पूर्वेला यावं. हॅरोल्ड वॉशिंग्टन पार्कच्या निष्पर्ण झाडांत एके काळी काटक्यांची मोठी घरटी दिसायची. ती मंक पॅराकीटची, दक्षिण अमेरिकेतून पाळायला आणलेल्या पोपटांची. सत्तरच्या दशकात ते या वस्तीत राहायला आले. एका घरट्यात अनेक जोड्या, प्रत्येकीचं दार वेगळं, काटक्यांची डागडुजी बारमाही आणि सामायिक. उणे तापमानात ते हिरवे पक्षी तिथे भांडत असायचे.